पट्ट्याचा ताण

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याची लहानशी प्रतिकृती उभी करणे हा प्रौढ माणसाला शोभणारा उद्योग आहे की नाही, याविषयी तुमचे मत काहीही असू शकते. माझ्या घरातही त्यावर एकमत नाही. तरी या लेखापुरते तुम्ही माझ्या टेबलाजवळ येऊन बसावे, अशी विनंती आहे. मला ज्या निवडीविषयी लिहायचे आहे ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे आणि तिने माझे जवळजवळ एक वर्ष घेतले. किटच्या खोक्यात आलेला पट्टा बाजूला ठेवून त्याच्या जागी दुसरा कोणता बसवावा, एवढाच तो प्रश्न.

रणगाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी तोफ येते. वास्तविक रणगाड्याला रणगाडा करतो तो त्याचा पट्टा. इंग्लंडातील लिंकन येथे १९१५ साली विल्यम फॉस्टर या कारखान्यात पहिला प्रायोगिक रणगाडा तयार होत होता. पुढे तो ‘लिटल विली’ या नावाने ओळखला गेला. त्याला अमेरिकेहून मागवलेले तयार पट्टे लावले होते. ते शेतीच्या यंत्रांसाठी बनवलेले होते. खंदक ओलांडताना ते खाली लोंबत आणि चाकांवरून निसटत. कापडी पट्ट्यासारखा दुसरा एक प्रकारही आजमावून पाहिला गेला, तोही टिकला नाही. अखेर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विल्यम ट्रिटन यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांच्या कड्यांचा नवा पट्टा तयार केला, आणि त्यानंतरच पुढच्या रणगाड्यांचा मार्ग मोकळा झाला. वर्षभराने, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, सोमच्या रणभूमीवर जे रणगाडे उतरले ते याच पट्ट्यावर. पहिल्या रणगाड्याची अडचणही पट्टा बदलण्याचीच होती, हे वाचले तेव्हा माझ्या टेबलावरच्या गोंधळाला जरा प्रतिष्ठा आल्यासारखे वाटले.

माझ्यासमोर होता तो टी-५५. सोव्हिएत बनावटीचा हा रणगाडा आपल्या सैन्यात अनेक वर्षे होता, १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर लढला. अनेक गावांच्या चौकांत आणि महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांपाशी निवृत्त रणगाडे चौथऱ्यावर उभे असतात, त्यांतही हा दिसतो. कदाचित तुम्ही रोज त्याच्या शेजारून बसने जात असाल. वजन सुमारे ३६ टन, माणसे चार, प्रत्येक बाजूला पाच मोठी चाके. पहिल्या आणि दुसऱ्या चाकांत जरा जास्त अंतर असते, ती त्याची ओळखखूण. ओढणारे दातेरी चाक मागे असते. पट्ट्याची रुंदी ५८० मिलिमीटर. एवढे वजन त्या दोन रुंद पट्ट्यांवर विभागले जाते, त्यामुळे जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.८ किलोचाच भार पडतो. म्हणून जेथे ट्रक रुततो तेथून हा लोखंडी डोंगर पार होतो.

माझी प्रतिकृती १:३५ या प्रमाणात आहे. हे विचित्र प्रमाण कोठून आले, याची एक गमतीदार हकीकत आहे. जपानातील शिझुओका येथील तामिया या कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्या हिशेबाने आकार ठरला. नंतर मोजून पाहिले तर प्रमाण जवळपास ३५ पट भरले. जगभरातले हजारो लोक आज ज्या प्रमाणाशी इमान राखतात ते बॅटरीच्या लांबीवरून ठरले आहे! असो. या प्रमाणात ५८० मिलिमीटरचा पट्टा साडेसोळा मिलिमीटरांचा होतो आणि त्याची प्रत्येक कडी चार मिलिमीटरांहूनही आखूड. अशा कड्या एका बाजूला साधारण नव्वद.

आता अडचण सांगतो. माझे किट जुन्या साठ्यातले, त्यातला पट्टा व्हिनाइलचा. एक अखंड काळी फीत, दोन टोके जुळवली की झाले. मुलांसाठी हे सोयीचे. परंतु व्हिनाइलला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे त्यातून पाझरत राहते. जेथे पट्टा चाकांना टेकलेला असतो तेथे ते चाकांचे प्लास्टिक हळूहळू विरघळवते आणि पट्टा स्वतः मात्र कडक होत जातो. रंग त्यावर धरत नाही. यापेक्षा मोठा दोष असा, की ती फीत रबरासारखी ताणून बसते. वरच्या बाजूने ती सरळ रेषेत जाते, जणू शिलाई यंत्राचा पट्टाच.

टी-५५ चा खरा पट्टा असा कधीच दिसत नाही. पुष्कळ रणगाड्यांत वरच्या बाजूचा पट्टा उचलून धरणारे लहान रूळ असतात. टी-५५ मध्ये ते नाहीत. पट्टा मागच्या दातेरी चाकावरून निघतो, स्वतःच्या वजनाने खाली येतो, मोठ्या चाकांच्या माथ्यावर विसावतो, दोन चाकांच्या मध्ये पुन्हा थोडा लवतो आणि मग पुढच्या चाकाकडे चढतो. या लवण्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: झोळ. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या धोतराला येतो तसा झोळ. प्रतिकृती करणाऱ्यांचा सगळा जीव या झोळावर असतो. तो बरोबर साधला तर तळहाताएवढ्या वस्तूला टनांचे वजन येते.

प्लास्टिकला हे आपोआप का साधत नाही, ते गणिताने पाहता येते. लांबी ३५ पट कमी केली की आकारमान ३५ चा घन, म्हणजे ४२,८७५ पट कमी होते. ३६,००० किलोंना त्याने भागले तर सुमारे ८४० ग्रॅम येतात. खऱ्या प्रमाणातली प्रतिकृती साखरेच्या किलोभर पुड्याहून थोडीच हलकी भरली पाहिजे. पोकळ प्लास्टिकची प्रतिकृती त्याच्या जवळपासही जात नाही. त्या हलक्या फितीला लवायचे कारणच नसते.

म्हणून बदली पट्टे. पर्याय अनेक आहेत, त्यांतल्या काहींवर मी फार वेळ घालवणार नाही. काही किटांत वरचा लवलेला भाग एकाच तुकड्यात ओतलेला मिळतो आणि वळणांपुरत्या सुट्या कड्या असतात. हा मार्ग सुटसुटीत आहे आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला मी तोच सुचवीन. पण त्यात झोळ कारखान्याने ठरवलेला असतो. सुट्या प्लास्टिकच्या कड्या एकेक चिकटवून, गोंद ओला असतानाच पट्टा चाकांवर लपेटायचा आणि कापसाच्या बोळ्यांनी दाबून त्याला हवा तसा आकार द्यायचा, हा दुसरा मार्ग. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने केलेल्या रेझिनच्या कड्याही मिळू लागल्या आहेत. त्या सुबक असतात, मात्र त्यांच्या नाजूक खिळी मोडतात.

आणि मग धातूचे पट्टे. कथलाच्या मिश्रधातूची ओतलेली एकेक कडी, तिच्या कडेला केसाएवढे भोक, त्यात बारीक तार ओवून पुढची कडी जोडायची. भोके बहुधा अर्धवट बुजलेली असतात, ती हाताच्या ड्रिलने मोकळी करावी लागतात. दोन्ही बाजूंच्या मिळून एकशे ऐंशी कड्या, म्हणजे रोज रात्री तासभर बसले तरी पंधरवडा सरतो. किमतीचे म्हणाल तर तो पट्टा बहुधा किटच्याच किमतीच्या आसपास जातो. घरातले मतभेद येथे तीव्र होतात. पण ओवून झालेला पट्टा हातात घेतला की तो साखळीसारखा घरंगळतो आणि चाकांवर टाकला की त्याचा तोच लवतो. झोळ तुम्हाला करावा लागत नाही, तो येतो.

एवढ्यावर निवड संपली असती. परंतु टी-५५ ला दोन वेगळ्या जातींचे पट्टे होते, आणि चुकीच्या जातीचा पट्टा कितीही सुंदर लवला तरी तो चुकीचाच. जुन्या जातीत कड्यांची बिजागरी उघडी, धातूवर धातू घासणारी. नंतरच्या जातीत खिळीभोवती रबराचे वेष्टण आले. पट्टा शांत झाला, जास्त टिकू लागला. दोन्हींच्या कड्या वेगळ्या दिसतात, आणि दातेरी चाकही वेगळे: जुन्याला तेरा दाते, नव्याला चौदा. पट्टा एका जातीचा आणि चाक दुसऱ्याचे असले तर धातूच्या कड्या दातांवर बसतच नाहीत. तेव्हा बदली पट्टा मागवण्यापूर्वी किटमधल्या चाकाचे दाते मोजावेत, हा माझा तुम्हाला एकमेव व्यावहारिक सल्ला.

पण माझा रणगाडा कोणत्या जातीचा? चौकातल्या रणगाड्याकडे पाहून हे ठरवणे धोक्याचे असते. रणगाडा वीस-पंचवीस वर्षे सेवेत राहतो, त्या काळात त्याचे पट्टे कितीदा तरी बदलले जातात. चौथऱ्यावर दिसतो तो त्याचा शेवटचा पट्टा. अहिल्यानगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे, १९९४ साली सुरू झालेले. शर्मन, सेंच्युरियन, विजयंता, युद्धात पकडलेला पॅटन असे रणगाडे तेथे झाडांच्या सावलीत उभे आहेत. पट्ट्यांचा अभ्यास करायचा तर त्यासारखी जागा नाही. रबरी ठोकळ्यांचे, पोलादी, रुंद, अरुंद असे किती प्रकार माणसाने करून पाहिले, ते तेथे वाकून पाहता येते. मी दोन वेळा गेलो. मात्र मला जो हवा होता तो डिसेंबर १९७१ मधला एक विशिष्ट रणगाडा होता, आणि त्याचा साक्षीदार माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, ओसरीवर बसलेला असतो.

माझे थोरले मामा टी-५५ चे चालक होते. छांबच्या आघाडीवर होते. या लढाईविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते, कारण ती आपण जिंकली नाही. ३ डिसेंबरच्या रात्री हल्ला आला, काही दिवसांच्या घनघोर लढाईनंतर आपल्या सैन्याला मुनव्वर तवी नदीच्या पूर्व काठावर यावे लागले आणि छांब गेले ते परत आले नाही. नदी ओलांडून येताना, तिच्या गोट्यांनी भरलेल्या पात्रात मामांच्या रणगाड्याचा डावा पट्टा निसटला. चौघे खाली उतरले. पट्टा पुन्हा चढवण्याची खटपट चालू असताना गोळे पडू लागले आणि त्यांचा गनर तेथेच गेला. पंजाबकडचा होता, मामांहून दोन वर्षांनी लहान. उरलेले तिघे चालत आले. रणगाडा तेथेच राहिला.

ही हकीकत मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो आहे. तिच्यातला एक तुकडा मात्र मामी एकदाच बोलल्या, तोही मामा घरात नसताना. पट्ट्याचा ताण पाहणे हे चालकाचे काम. दोन रात्री सलग गाडी चालत होती, ताण तपासायला सवड मिळाली नव्हती. “ह्यांना वाटतं, पट्टा ढिला राहिला म्हणून पोरगं गेलं,” मामी म्हणाल्या. “अजून झोपेत पाना मागतात.”

प्रतिकृती करावी, ही कल्पना मामांचीच. माझ्या कपाटातले सेंच्युरियन आणि शर्मन पाहून ते एकदा म्हणाले होते, “आमची गाडी नाही केलीस अजून.” तेव्हा किट घेतले गेले. मग पट्ट्याची जात ठरवण्यासाठी मी त्यांना विचारले, की कड्यांच्या खिळीवर रबर असायचे का. असले प्रश्न पन्नास वर्षांनी विचारणे निरर्थक आहे, असे तुम्हाला वाटेल. दाते किती होते, हे त्यांना आठवत नव्हते. रबराचेही नाही. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि म्हणाले, “आवाज सांगू का? खणखणायचा. भांड्यांचं कपाट पालथं करावं तसा. रात्री चालायला लागलो की दोन कोसांवर कळायचं.”

एवढे पुरेसे होते. खणखणतो तो कोरड्या खिळींचा पट्टा, जुन्या जातीचा. त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. खिळी दोन्ही टोकांना आवळलेल्या नसत, त्या हळूहळू पोटाच्या बाजूला सरकत आणि पुन्हा आपोआप जागेवर ठोकल्या जात. ही युक्ती टी-३४ या जुन्या सोव्हिएत रणगाड्यापासूनची आहे. खिळीचे डोके आतल्या बाजूला ठेवायचे आणि गाडीच्या अंगाला एक तिरकी पट्टी वितळजोड करून बसवायची. बाहेर डोकावलेली खीळ त्या पट्टीवर आपटली की पुन्हा आत जाते. नट नाही, पिळा नाही. गरीब घरातल्या शहाण्या बाईने काढावी तशी ही तोड मला वाटते. ती ज्याने पाहिली आहे त्याचा पट्टा कोणता, याबद्दल मला शंका उरली नाही. मी तेरा दात्यांचे चाक आणि जुन्या जातीचा धातूचा पट्टा मागवला.

आता जो पेच मला खरा पेच वाटतो तो येथे सुरू होतो. डाव्या बाजूचा पट्टा ओवून मी चाकांवर चढवला. रंगापूर्वी धातू काळा करणाऱ्या द्रावणात तो बुडवून काढला होता, आणि जेथे जमिनीशी घर्षण होते त्या कडा घासून उजळ केल्या होत्या. झोळ असा आला होता, की एखाद्या स्पर्धेत परीक्षक त्याच्यापुढे थांबला असता. तो मामांना दाखवायला मी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, प्रतिकृती उंबऱ्याच्या उजेडात धरली आणि म्हणाले, “ट्रॅक ढिला आहे.”

मी काय करावे, असे तुम्हाला वाटते? प्लास्टिकच्या सुट्या कड्या घेऊन पट्टा ताठ बसवणे मला सहज शक्य होते. म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी एक रेषा सरळ केली तर कोणाचे काय बिघडते? उलट तसे केले असते तर त्यांच्या मनातल्या आरोपावर मीच शिक्का मारला असता, असे मला वाटले: ताठ पट्टा तो बरोबर, म्हणजे त्या रात्रीचा ढिला पट्टा तो चूक. आणि शिवाय ते खरे नव्हते. टी-५५ चा पट्टा लवतो तो हलगर्जीपणामुळे लवत नाही. तो तसाच असावा लागतो. मागचे चाक पुढे जाताना पट्ट्याचा खालचा भाग ओढून ताठ करते, सैलपणा वर जमा होतो. तो सैलपणाच ठेवला नाही तर खिळी झिजतात, इंजिनाची ताकद पट्ट्याशी झगडण्यात जाते, आणि दगडावरून जाताना चाकाला वर उठायला जागा उरत नाही. जास्त सैल ठेवला तर निसटतो, जास्त ताठ ठेवला तर तुटतो. या दोहोंच्या मधली जागा चालक आपल्या पान्याने शोधत असतो. हे मामांना ठाऊक नसेल असे नाही. तेच मला शिकवू शकतील.

मी त्यांच्यापुढे छायाचित्रे ठेवली. त्या काळच्या टी-५५ ची, संचलनातली, सरावातली, मॉस्कोच्या चौकातली. रांगेत उभे, नवे कोरे, वरिष्ठांच्या नजरेखालचे रणगाडे. प्रत्येकाचा पट्टा लवलेला. मी काही बोललो नाही, छायाचित्रे एकेक पुढे सरकवत राहिलो. एका छायाचित्रावर त्यांनी बोट ठेवले, चाकाच्या माथ्यावर पट्टा जेथे टेकतो तेथे, आणि बराच वेळ ठेवले. मग त्यांनी विचारले, “ही सगळी चालत होती?”

“चालत होती, मामा.”

“हं,” ते म्हणाले, आणि मामींना चहा टाकायला सांगितला.

त्या “हं” चा अर्थ मी लावणार नाही. पन्नास वर्षांचे ओझे चार छायाचित्रांनी उतरते, असे मी मानत नाही. नदीच्या पात्रात त्या रात्री पट्टा नेमका किती सैल होता, हे कोणतेही छायाचित्र सांगू शकत नाही. वळण तीव्र घेतले गेले असेल, गोटा कड्यांत अडकला असेल, किंवा मामा म्हणतात तेच झाले असेल.

चहानंतर मात्र त्यांनी प्रतिकृती पुन्हा मागितली. टी-५५ चे पुढचे चाक एका वाकड्या दांड्यावर बसवलेले असते. तो दांडा फिरवला की चाक पुढे-मागे सरते आणि पट्टा आवळतो किंवा सैलावतो. प्रतिकृतीत हा दांडा मी अद्याप चिकटवला नव्हता. मामांनी तो ओळखला. त्यांची बोटे आता थरथरतात, तरी त्यांनी नखाने तो दांडा धरला आणि अगदी थोडा पुढे ढकलला, मग किंचित मागे घेतला. पट्टा पहिल्या चाकावरून अर्धा मिलिमीटर उचलला गेला असेल. मागच्या तीन चाकांवर मात्र टेकलेलाच राहिला. त्यांनी मान तिरपी करून बाजूने पाहिले, जसे पोटाखाली वाकून पाहत असतील तसे, आणि प्रतिकृती माझ्याकडे दिली. मी खिशातून गोंदाची बाटली काढून दांड्याच्या बुडाशी एक थेंब सोडला.

उजव्या बाजूचे काम अजून व्हायचे आहे. त्या नव्वद कड्यांची भोके मोकळी करून झाली आहेत, तार ओवायची आहे. ती बाजू जोडण्यापूर्वी प्रतिकृती एकदा घेऊन ये, असे मामांनी कळवले आहे.